जरा त्याच्या खुर्चीत बसून बघा

साडेचार वर्षांचा एक मुलगा. रविवारची दुपार, आई-वडील बाहेर गेलेले आणि शेजारपाजारची पोरं याच्या घराच्या तळघरात जमलेली. खेळ ठरला : देव-देव. हा देव, बाकीचे देवदूत. देव म्हटल्यावर तो उंच बसायला हवा, म्हणून तळघरातल्या मोठ्या टेबलावर खुर्च्या रचल्या, त्यावर आणखी खुर्च्या, पार छताला टेकेपर्यंत. खालून पोरांनी डोंगर धरून ठेवला आणि हा वर जाऊन बसला. देवदूत हात हलवत, गात फिरू लागले. तेवढ्यात एकाने वर बघून विचारलं की, तू का नाही उडत? प्रश्न बरोबरच होता. देवाने हात पसरले, उडी मारली आणि पुढच्या क्षणी तो जमिनीवर होता, उजवा हात मोडून.

पुढे जगभर नाव झाल्यावर हा माणूस ही गोष्ट रंगवून सांगायचा. आपण घेतलेलं पहिलं नाट्यसत्र तेच, असंही म्हणायचा. गोष्ट किती खरी आणि किती मीठमसाला, हे तुम्हीच ठरवा. आपला जन्म वादळी रात्री काळ्या समुद्रातल्या जहाजावर झाला असंही तो सांगायचा आणि प्रत्यक्षात तो झाला होता बुखारेस्टमध्ये, 18 मे 1889 ला, एका ज्यू व्यापाऱ्याच्या घरात. नाव जेकब लेवी. वडिलांचं नाव मोरेनो. ते त्याने पुढे आडनाव म्हणून लावलं. जग त्याला जे. एल. मोरेनो म्हणून ओळखतं.

आता तुम्ही म्हणाल, हा कोण आणि आमच्या पानावर काय करतोय? कॅम्पस प्लेसमेंटच्या आधी तुम्ही मॉक इंटरव्ह्यू दिला असेल. आमच्या मास कॉमच्या वर्गात तर निम्म्या मुलांनी मंत्री व्हायचं आणि निम्म्यांनी पत्रकार, मग जागा बदलायच्या, असा तास असायचा. रोल-प्ले म्हणतो आपण त्याला. ही गोष्ट नाटकाच्या तालमीतून उचलून दवाखान्यात, शाळेत, तुरुंगात नेणाऱ्यांमध्ये पहिलं नाव मोरेनोचं घ्यावं लागतं. आणि आज ऑटिस्टिक तरुण-तरुणींना नोकरी, मैत्री, गप्पा यांसाठी रंगमंचाचा आधार देणारे जे उपक्रम चालतात, त्यांचा धागा ओढत मागे गेलात की तुम्ही याच दाढीवाल्या माणसापाशी येऊन पोचता. गंमत म्हणजे, या उपक्रमांवर आज जो वाद चालू आहे त्याचं उत्तरही मला त्याच्याकडेच सापडतं. पण ते नंतर.

मोरेनो लहान असतानाच घरचे व्हिएन्नाला आले. तिथे तो मेडिकलला गेला आणि 1917 मध्ये डॉक्टर झाला. अभ्यासापेक्षा त्याचा जीव रमायचा तो आउगार्टन नावाच्या बागेत. तिथे हिरवा झगा घातलेला हा पोरगा झाडाखाली बसून लहान मुलांना गोष्टी सांगायचा. सांगायचा म्हणजे काय, मुलांनीच गोष्टी करायच्या. राजा व्हा, चोर व्हा, स्वतःचं नाव बदला. पाठ करून म्हणणारी मुलं त्याला कंटाळवाणी वाटायची. पाठ न करता बोलणारी तीच मुलं एकदम वेगळी दिसायची. हे निरीक्षण त्याने आयुष्यभर सोडलं नाही.

तेव्हाचं व्हिएन्ना म्हणजे फ्रॉइडचं गाव. विद्यार्थी असताना मोरेनो त्याच्या एका व्याख्यानाला गेला होता आणि नंतर म्हणे त्याने फ्रॉइडलाच ऐकवलं की, तुम्ही माणसं कृत्रिम खोलीत भेटता, मी त्यांना त्यांच्या घरात आणि रस्त्यावर भेटतो. हा किस्साही फक्त मोरेनोच्या तोंडून आलेला. पण दोघांमधला फरक त्यात नेमका आलाय. एकाच्या खोलीत पेशंट कोचावर पडून बोलणार. दुसऱ्याचं म्हणणं, उठ, उभा राहा आणि करून दाखव.

1913 च्या सुमारास तो व्हिएन्नातल्या स्पिटेलबर्ग वस्तीत देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांना भेटू लागला. सोबत एक डॉक्टर आणि एक वृत्तपत्राचा प्रकाशक (आमच्या धंद्यातला माणूस, म्हणून मुद्दाम सांगितलं). आठ-दहा जणींचा गट, आठवड्यातून दोन-तीनदा बैठक. सुरुवातीला विषय रोजचेच : पोलीस पकडतात, आजारपणात दवाखाना मिळत नाही, वकील मिळत नाही. काही महिन्यांनी त्याच्या लक्षात आलं की बायका डॉक्टरकडे बघून बोलायच्या थांबल्यात. त्या एकमेकींशी बोलताहेत. एकीचा प्रश्न दुसरी सोडवतेय. आपल्याकडे बचत गटाच्या बैठकीत हेच घडताना तुम्ही पाहिलं असेल. ‘ग्रुप थेरपी’ हा शब्द पुढे 1932 मध्ये अमेरिकेत त्याने मांडला, पण बीज या वस्तीतलं.

पहिल्या महायुद्धात तो मिटेनडॉर्फच्या निर्वासितांच्या छावणीत काम करत होता. मग व्हिएन्नाजवळच्या बाड फोसलाऊ गावात काही वर्षं डॉक्टरकी केली आणि पेशंटकडून फी घ्यायची नाही असा नेम ठेवला. हे सगळं भराभर सांगतोय, कारण मला तुम्हाला 1 एप्रिल 1921 च्या रात्रीपर्यंत न्यायचंय.

त्या रात्री व्हिएन्नातलं कोमेडियनहाउस हे थिएटर मोरेनोने घेतलं. हजारेक प्रेक्षक. पडदा वर गेला तर नट नाही, नेपथ्य नाही. नुसती एक लाल मखमली खुर्ची, सिंहासनासारखी, आणि एक सोनेरी मुकुट. शेजारी विदूषकाच्या वेषात मोरेनो स्वतः. महायुद्ध संपलेलं, राजघराणं गेलेलं, देशाला वालीच नाही. मोरेनोने प्रेक्षकांनाच आवाहन केलं की ज्याला देश सांभाळता येईल असं वाटतं त्याने वर यावं, या खुर्चीत बसावं आणि राजा होऊन दाखवावं. लोक आले, बसले, अडखळले, उतरले. एकही राजा पास झाला नाही. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांनी त्याला धुतला आणि त्याचे बरेच मित्र तुटले. एकांकिका स्पर्धेत प्राथमिक फेरीतच बाहेर पडलेल्यांनी ही रात्र लक्षात ठेवायला हरकत नाही.

पण गडी थांबला नाही. दुसऱ्याच वर्षी ऑपेराजवळच्या एका गल्लीत त्याने ‘उत्स्फूर्त रंगभूमी’ सुरू केली. संहिता नाही, पाठांतर नाही, प्रॉम्प्टर नाही. त्यातला एक प्रकार तर आमच्या संपादकांनी करून बघावा असा आहे : ताज्या वर्तमानपत्रातली बातमी घ्यायची आणि नटांनी ती तिथल्या तिथे उभी करायची. ‘जिवंत वर्तमानपत्र’ म्हणायचा तो. पुढे हॉलिवूडमध्ये गाजलेला पीटर लॉरे या मंडळीतच होता.

तिथे बार्बरा नावाची एक नटी होती. कायम गोड, सोज्वळ भूमिका करणारी. तिचा चाहता जॉर्ज पहिल्या रांगेत बसायचा. दोघांचं लग्न झालं. काही दिवसांनी जॉर्ज मोरेनोकडे आला, चेहरा उतरलेला. ही बाई स्टेजवर देवी आहे आणि घरी नुसती आग, शिव्या देते, अंगावर धावून येते, असं त्याचं गाऱ्हाणं. मोरेनोने उपदेश केला नाही. त्या रात्री बार्बराला त्याने रस्त्यावरच्या, भांडकुदळ बाईची भूमिका दिली. ती अशी काही तुटून पडली की प्रेक्षक सुन्न. हळूहळू जॉर्ज सांगू लागला की घरातली भांडणं मऊ झालीत, कधीकधी भांडता भांडता तिलाच हसू येतं. मग मोरेनोने जॉर्जलाही वर बोलावलं आणि दोघं स्वतःच्याच घरातले प्रसंग स्टेजवर करू लागले. बघणारे प्रेक्षक नंतर येऊन सांगायचे की हे आमच्याच घरातलं आहे. पुढे ते लग्न टिकलं नाही, हेही सांगायला हवं. नाटक म्हणजे जादूची कांडी नव्हे. पण मोरेनोला त्याची वाट सापडली होती. सायकोड्रामा तो हाच.

त्यातली चार तंत्रं समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. समजा, तुम्हाला एचओडींकडे जाऊन सबमिशनची मुदत वाढवून मागायचीय आणि तोंडातून शब्द फुटत नाही. मोरेनो तुम्हाला स्टेजवर आणेल. ग्रुपमधला कुणी एचओडी होईल. हा झाला साहाय्यक नट. तुम्ही अडलात की दुसरा एक जण तुमच्या खांद्यामागे उभा राहून, तुम्ही न बोललेलं बोलेल, की मला भीती वाटतेय, ते चिडतील. हे पटलं तर तुम्ही ते वाक्य स्वतः म्हणायचं, नाही पटलं तर खोडून काढायचं. हा ‘डबल’. मग तुम्ही खाली येऊन बसायचं आणि दुसऱ्याने तुमची भूमिका जशीच्या तशी करून दाखवायची. हा आरसा. आणि शेवटी सगळ्यात मोठं अस्त्र, भूमिकांची अदलाबदल : तुम्ही एचओडींच्या खुर्चीत आणि ते तुमच्या जागी. त्या खुर्चीतून समोरचा, म्हणजे तुम्हीच, कसे दिसता ते बघायचं.

1925 मध्ये तो अमेरिकेला गेला, बरोबर आवाज मुद्रित करण्याच्या यंत्राची कल्पना घेऊन. ती चालली नाही. चाललं ते दुसरंच. न्यूयॉर्क राज्यातल्या हडसन गावी मुलींची एक सुधारशाळा होती, पाचशेच्या वर मुली. 1932 मध्ये तिथून दोन आठवड्यांत 14 मुली पळाल्या. सगळे शोधत होते की या मुलींत बिघाड काय आहे. मोरेनोने आणि त्याची सहकारी हेलन जेनिंग्जने वेगळाच प्रश्न विचारला : कुणाला कुणाशेजारी राहायला आवडतं? उत्तरांचे त्यांनी नकाशे काढले. मुलगी म्हणजे एक वर्तुळ, आवड-नावड म्हणजे रेषा. पळालेल्या मुली कुठल्या रेषांनी जोडलेल्या होत्या ते त्यावर दिसू लागलं. आणि काही वर्तुळं अशी होती की त्यांच्याकडे एकही रेषा येत नव्हती. 1933 मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने त्याच्या या नव्या भूगोलाची बातमी केली. आज इन्स्टाग्रामवर कोण कुणाला जोडलंय याचे जे आलेख निघतात, त्यांचा पणजोबा हा.

एकही रेषा न येणारी ती वर्तुळं माझ्या डोक्यातून जात नाहीत. आपल्या प्रत्येकाच्या वर्गात तसं एखादं असतं. फ्रेशर्सच्या दिवशी आवाजामुळे बाहेर जाऊन उभं राहणारं. जोक शब्दशः घेणारं. डोळ्यांत न बघता बोलणारं, पण रेल्वेचं अख्खं टाइमटेबल तोंडपाठ असणारं. ते ऑटिस्टिक असेलच असं नाही, तुम्ही-आम्ही डॉक्टर नाही. पण असू शकतं.

मोरेनो काही ऑटिझमचा डॉक्टर नव्हता, हे स्पष्ट करून ठेवतो. बाल्टिमोरमध्ये लिओ कॅनरने 11 मुलांचं वर्णन करणारा निबंध लिहिला तो 1943 मध्ये आणि मोरेनोच्या जुन्या व्हिएन्नात हान्स ॲस्पर्गरचा निबंध आला 1944 मध्ये. तोवर मोरेनोने न्यूयॉर्कच्या उत्तरेला, हडसन नदीकाठच्या बीकन गावात 1936 मध्ये स्वतःचं रुग्णालय उघडलं होतं आणि तिथे खास नाट्यगृह बांधलं होतं. गोल रंगमंच, एकावर एक चढत जाणाऱ्या तीन पायऱ्या आणि वर एक गॅलरी. त्याची तंत्रं तिथून निघून मानसोपचार, शिक्षण, प्रशिक्षण अशा सगळ्या वाटांनी पसरली आणि काही दशकांनी ऑटिझमच्या दारात पोचली.

आजची उदाहरणं बघा. लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठात तरुण प्रौढांसाठी 16 आठवड्यांचा ‘पीअर्स’ कार्यक्रम आहे : गप्पांत कसं शिरायचं, फोन कसा करायचा, डेटला काय बोलायचं, हे रोल-प्ले करून दाखवतात. व्हँडरबिल्ट विद्यापीठातल्या ब्लाइथ कॉर्बेट यांनी सुरू केलेल्या ‘सेन्स थिएटर’मध्ये ऑटिस्टिक मुलं-तरुण आणि ऑटिस्टिक नसलेले नट जोडीने नाटक बसवतात. मॅसॅच्युसेट्समधल्या ‘स्पॉटलाइट’ उपक्रमाच्या पद्धतीच्या नावात ‘सोशिओड्रामा’चा अंश आहे आणि तो शब्द मोरेनोचा.

हे जमतं का? तर विचार करा. कॉलेज कँटीनचे नियम कुणी कुठे लिहून ठेवलेत? कुणी कधी बोलायचं, कुठे उभं राहायचं, संभाषण संपलं हे कसं ओळखायचं? रंगमंचावर हे सगळं उघड असतं. एंट्री कुठून, क्यू कोणता, एक्झिट कधी. चुकलं तर तालीम पुन्हा, कुणी हसत नाही. वर्गात गप्प असणाऱ्याला स्टेजवर मोकळं वाटतं ते यामुळे. त्यातून प्रौढांची गरज वेगळीच. लहानपणी शाळा असते, थेरपिस्ट असतात. अठरा-एकवीसनंतर बराचसा आधार आटतो आणि नेमक्या त्याच वेळी इंटरव्ह्यू, ऑफिस, भाड्याची खोली, रूममेट सुरू होतात.

आता तो वाद. अनेक ऑटिस्टिक प्रौढ सांगतात की, आम्हाला आयुष्यभर नाटकच करायला लावलंय. डोळ्यांत बघ, हसल्यासारखं कर, हात हलवू नकोस. ‘नॉर्मल’ दिसण्याच्या या सततच्या अभिनयाला मास्किंग म्हणतात आणि तो माणसाला पार थकवून टाकतो. मग थिएटर वर्कशॉपमध्ये हाच मुखवटा आणखी घट्ट बसवायला शिकवत असतील, तर ती मदत की छळ?

इथे मला मोरेनो आठवतो. त्याचा सगळा राग पाठांतरावर होता. तयार संहिता, ठरलेली वाक्यं, साचेबंद सवयी, या सगळ्याला तो गोठवून ठेवलेली संस्कृती समजायचा. त्याची उत्स्फूर्ततेची व्याख्या अशी होती की, नव्या प्रसंगाला साजेसं उत्तर देता आलं पाहिजे आणि जुन्या प्रसंगाला नवं उत्तर. ऑटिस्टिक मुलीला दहा वाक्यं घोकून घ्यायला लावणं म्हणजे मोरेनोच्या तंत्राने मोरेनोच्या विरुद्ध काम करणं. तिच्या खांद्यामागे डबल उभा राहतो तो तिच्या मनातलं बोलायला, तिला शब्द भरवायला नव्हे. आणि तिला ते खोडायचा हक्क असतो, हा त्यातला मुख्य भाग आहे, जो पुष्कळ ठिकाणी गाळला जातो.

आणि अदलाबदल तर दोघांनी करायची असते ना! 2012 मध्ये डेमियन मिल्टन या ब्रिटिश अभ्यासकाने, जो स्वतः ऑटिस्टिक आहे, मांडलं की गोची एकतर्फी नाही. ऑटिस्टिक माणसाला इतरांचं मन कळत नाही म्हणतात, पण इतरांना तरी त्याचं कुठे कळतं? 2020 मध्ये एडिंबरोच्या अभ्यासकांनी आपल्या ‘कानगोष्टी’सारखा प्रयोग केला. आठ-आठ जणांच्या साखळ्यांतून एक गोष्ट पुढे पाठवली. सगळे ऑटिस्टिक असलेल्या साखळीत गोष्ट तितकीच नीट पोचली जितकी एकही ऑटिस्टिक नसलेल्या साखळीत. गळती जास्त झाली ती मिश्र साखळीत. मराठीत आपण ‘स्वमग्न’ म्हणतो. शब्द छान आहे, पण या प्रयोगानंतर मला तो जरा अन्याय करणारा वाटायला लागलाय. तुटलेला दुवा मधोमध आहे, एकाच्या डोक्यात नाही.

म्हणून मोरेनोच्या पद्धतीने खरंच करायचं असेल, तर मॉक इंटरव्ह्यूत उमेदवार मुलगा मॅनेजरच्या खुर्चीत बसेल आणि खरा मॅनेजर उमेदवाराच्या. त्याच्यावर ट्यूबलाइटचा आवाज, चार जणांच्या नजरा आणि ‘स्वतःबद्दल सांगा’ असला अघळपघळ प्रश्न, सगळं एकदम येऊन आदळेल. मग त्या मॅनेजरला प्रश्न आधी लिहून पाठवावेसे वाटतील, अशी निदान आशा धरता येते.

मोरेनोला संत करायची गरज नाही. तो बढाईखोर होता, दुसऱ्यांनी माझ्या कल्पना ढापल्या असं जन्मभर म्हणत राहिला, आणि खुर्च्यांवरचा तो देव त्याच्यातून कधी पुरता उतरलाच नाही. त्याला जमिनीवर ठेवलं ते झेर्काने. 1941 मध्ये ती आजारी बहिणीसाठी मदत शोधत बीकनला आली आणि तिथलीच झाली. 1949 मध्ये दोघांनी लग्न केलं. तंत्रांना शिस्त लावणं, शिकवणं, लिहिणं यात तिचा वाटा इतका मोठा आहे की एकट्या मोरेनोचं नाव घेणं मला या लेखातही खटकतंय. 1958 मध्ये कॅन्सरमुळे तिचा उजवा हात काढावा लागला. त्यानंतरही अनेक दशकं ती रंगमंचावर उभी राहून शिकवत होती.

14 मे 1974 ला बीकनमध्ये मोरेनो गेला. 1993 मध्ये त्याच्या अस्थी व्हिएन्नाला नेल्या आणि तिथल्या एका दफनभूमीत ठेवल्या. मानसोपचारात हसू आणणारा माणूस इथे आहे, अशा अर्थाचा मजकूर त्याच्याच इच्छेनुसार दगडावर कोरलाय. झेर्का 2016 पर्यंत होती, 99 वर्षांची होऊन गेली.